आधी लिहावे, की आधी पाहावे?

२०१५ साली लिनक्स कर्नल लिहिणाऱ्या मंडळींपुढे एक चमत्कारिक तक्रार आली. एका सर्व्हरवर चालणारा एक प्रोग्रॅम मध्येच स्तब्ध होऊन बसला होता. ज्या मजकुराची तो वाट पाहत होता तो यावयाचा राहिला होता असे नव्हे. तो येऊन त्याच्या पुढ्यातच पडला होता. पाठविणाऱ्याने तो नीट पाठविला होता, ठरल्या जागी ठेविलाही होता. मात्र झोपलेल्यास हाक मारावयाची तेवढी राहून गेली होती. टपाल उंबऱ्यावर पडलेले आणि घरधनी आत टपालाची वाट पाहत बसलेला, असा तो प्रकार होता. यंत्राचा कोणताही भाग बिघडला नव्हता. आज्ञांची यादी वरून खाली वाचावी, तर तीतही वावगे असे काही डोळ्यांस दिसत नव्हते.

या कोड्याचे उत्तर एका वाक्यात सांगावयाचे तर असे: आज्ञा ज्या क्रमाने लिहिलेल्या असतात त्याच क्रमाने त्यांचा परिणाम इतरांस दिसेल, असा भरवसा आजचा संगणक आपण होऊन देत नाही. जेथे तो भरवसा हवा असेल तेथे तो मागून घ्यावा लागतो. ज्या साधनाने तो मागून घेतात त्यास मेमरी बॅरिअर म्हणतात. बॅरिअर अनेक प्रकारचे आहेत, काही स्वस्त तर काही महाग. आणि कोणत्या जागी कोणता निवडावा हे ठरविणे ही कर्नल लिहिण्याच्या कामातील फार अवघड बाब समजली जाते.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोग्रॅमांस प्रोसेसर वाटून देणे, मेमरी नेमून देणे, डिस्क, कळफलक व नेटवर्क यांच्याशी व्यवहार करणे, ही सारी कामे त्याची. लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ साली लिनक्स प्रथम प्रसिद्ध केला. आज अँड्रॉइड फोनपासून मोठमोठ्या सर्व्हरपर्यंत तो सर्वत्र चालतो. १९९६ साली निघालेल्या २.० या आवृत्तीपासून एकाच यंत्रातील अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामास लावण्याची सोय त्यात झाली, आणि त्याबरोबर क्रमाचा प्रश्नही दारात येऊन उभा राहिला.

हा प्रश्न उद्भवतो कसा, हे कळण्यासाठी श्रोत्यांनी एका जुन्या पेढीची कल्पना करावी. पेढीची मोठी वही एकच. ती दूरच्या गादीवर दिवाणजींपाशी असते. इकडे निरनिराळ्या बैठकांवर कारकून काम करीत आहेत. प्रत्येक नोंदीसाठी कारकुनाने उठून गादीपर्यंत जावे, नोंद करावी आणि परत यावे असे ठरविले, तर दिवसाचा बहुतेक वेळ येण्याजाण्यातच जाईल. म्हणून तो नोंद एका चिठ्ठीवर लिहितो, बैठकीजवळच्या तबकात टाकतो आणि पुढील कामास लागतो. शिपाई सवडीने येऊन तबकातील चिठ्ठ्या नेतो व मोठ्या वहीत उतरवून घेतो. कारकुनास आपण लिहिलेला आकडा पुन्हा हवा असल्यास तो आधी आपल्या तबकात पाहतो. त्यामुळे त्याच्यापुरते पाहिले तर सारा व्यवहार यथाक्रम चाललेला असतो. परंतु शेजारच्या कारकुनास ते तबक दिसत नाही. त्यास मोठ्या वहीत उतरले तेवढेच दिसते.

कारकून म्हणजे प्रोसेसर, मोठी वही म्हणजे सर्वांची सामाईक मेमरी, आणि तबक म्हणजे प्रोसेसरच्या पोटातील लेखनाची तात्पुरती रांग. मुख्य मेमरीपर्यंत जाऊन येण्यास प्रोसेसरच्या घड्याळाचे शंभराहून अधिक ठोके लागतात, आणि तेवढ्या अवधीत तो शेकडो आज्ञा उरकू शकतो. तबकाची योजना झाली ती यासाठीच. वाचनाच्या बाबतीतही तसेच. पुढे लागणारे आकडे प्रोसेसर आधीच वाचून ठेवतो. शिवाय आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविणारा कंपायलरही आज्ञांची मांडणी स्वतःच्या सोयीने बदलीत असतो. नियम दोघांचाही एकच: एकट्याने काम करणाऱ्यास फरक जाणवता कामा नये. दुसऱ्यास काय दिसेल याचे बंधन ते आपण होऊन पाळीत नाहीत.

सर्व प्रोसेसरांच्या क्रिया जणू एकाच ओळीत, एकामागून एक घडल्या, आणि प्रत्येकाचा स्वतःचा क्रम तीत जसाच्या तसा राहिला, असा आदर्श लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ साली शब्दबद्ध केला. आदर्श उत्तम होता. परंतु तो पाळावयाचा म्हणजे तबके काढून टाकावयाची, आणि यंत्र मंदावावयाचे. ही किंमत देण्यास प्रोसेसर तयार करणारे कबूल झाले नाहीत. किती सवलत घ्यावी याबाबत मात्र त्यांच्यात मतभेद राहिले. इंटेल व एएमडी यांच्या पेढीतील शिपाई एका कारकुनाच्या चिठ्ठ्या ज्या क्रमाने टाकल्या त्याच क्रमाने नेतो. आर्मच्या आणि पॉवरच्या पेढीतील शिपाई हातास येईल ती चिठ्ठी आधी उचलतो.

आता बॅरिअरच्या निवडीकडे वळावे. प्रसंग अनेक असले तरी त्यांचे दोन मुख्य नमुने ओळखता आले म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो.

पहिला नमुना निरोपाचा. एक प्रोसेसर माहिती तयार करून ठेवतो, आणि मग ‘तयार’ अशी खूण करतो. दुसरा आधी खूण पाहतो, आणि ती दिसल्यावर माहिती वाचतो. येथे धोके दोन आहेत. लिहिणाऱ्याची खूण माहितीच्या आधी वहीत उतरेल, हा एक. आणि वाचणाऱ्याने माहिती आधीच, म्हणजे ती जुनी असतानाच, वाचून ठेविली असेल व खूण मागून पाहिली असेल, हा दुसरा. म्हणून बंधन दोन्ही बाजूंस हवे. लिहिणाऱ्याच्या बाजूस जे लागते त्यास रिलीज म्हणतात. त्याचा अर्थ, ‘माझ्या आधीच्या सर्व चिठ्ठ्या पोचल्याखेरीज ही चिठ्ठी वहीत उतरवू नये.’ वाचणाऱ्याच्या बाजूस अक्वायर. म्हणजे, ‘ही ओळ वाचून झाल्याखेरीज पुढचे काहीही वाचू नये.’ लिनक्समध्ये ही जोडी २०१४ च्या ३.१४ या आवृत्तीपासून स्वतंत्र नावांनी उपलब्ध आहे.

या जोडीचे दोन विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एक म्हणजे ती एकेकटी निरुपयोगी असते. लिहिणाऱ्याने कितीही काळजी घेतली, तरी वाचणारा बेसावध असल्यास ती काळजी फुकट. बॅरिअर दिसला की त्याचा जोडीदार कोठे आहे हे विचारावे, आणि जोडीदार सापडत नसेल तर काही तरी चुकले आहे असे समजावे. दुसरा विशेष म्हणजे ही जोडी स्वस्त आहे. इंटेलच्या यंत्रावर तिच्यासाठी वेगळी आज्ञाच लागत नाही. फक्त कंपायलरला अडविले की पुरते, कारण तेथील शिपाई मुळातच क्रम पाळतो. आर्मच्या चौसष्ट बिटी प्रोसेसरांत तिच्यासाठी खास आज्ञा ठेविलेल्या आहेत.

दुसरा नमुना दिसावयास साधा, पण मोठा फसवा आहे. दोन कारकुनांपैकी एकाच वेळी एकानेच तिजोरीच्या खोलीत जावे असा नियम आहे. प्रत्येकाने आधी वहीत ‘मी जात आहे’ असे लिहावे, मग दुसऱ्याची तशी नोंद आहे काय ते पाहावे, आणि नसल्यास आत जावे. डेकर या डच गणितज्ञाने सुचविलेली आणि डाइक्स्ट्रा यांनी १९६५ च्या सुमारास वर्णिलेली एक प्रसिद्ध युक्ती याच तत्त्वावर उभी आहे. कागदावर ती निर्दोष आहे. परंतु तबकांच्या पेढीत काय होते पाहावे. पहिला चिठ्ठी टाकतो आणि वही पाहतो. दुसरा चिठ्ठी टाकतो आणि वही पाहतो. दोन्ही चिठ्ठ्या अजून तबकातच आहेत. वही कोरी. दोघेही आत!

येथे रिलीज उपयोगी पडत नाही. रिलीज एवढेच सांगतो की आधीच्या चिठ्ठ्या आधी जाव्यात. चिठ्ठी टाकल्यावर पुढे वहीकडे पाहण्याचे जे काम आहे ते थांबवून धरण्याची शक्ती त्यात नाही. आधी लिहिणे आणि मग पाहणे, हा एकच क्रम त्याच्या हातून निसटतो. आणि नेमका हाच क्रम इंटेलचे यंत्रही राखीत नाही. म्हणून या नमुन्यास पूर्ण बॅरिअर लागतो. कारकुनाने लेखणी खाली ठेवावी, आपल्या सर्व चिठ्ठ्या वहीत उतरेपर्यंत स्वस्थ बसावे, आणि मगच मान वर करून पाहावे. हा बॅरिअर इंटेलच्या यंत्रावरही महाग पडतो, आणि येथेही तो दोन्ही बाजूंस हवा.

एवढी तयारी झाल्यावर २०१५ सालच्या त्या स्तब्ध प्रोग्रॅमाकडे परत येता येते. टर्मिनलवरील अक्षरे एका बाजूने दुसऱ्या बाजूस पोचविणारा जो कर्नलचा भाग, तेथे हे घडले होते. वाचणाऱ्याची रीत अशी होती: आधी झोपणाऱ्यांच्या यादीत आपले नाव घालावयाचे, मग मजकूर आला आहे काय ते पाहावयाचे, आणि नसल्यास झोपावयाचे. पाठविणाऱ्याची रीत अशी: आधी मजकूर ठेवावयाचा, मग यादीत कोणी झोपलेला आहे काय ते पाहावयाचे, आणि असल्यास उठवावयाचे. प्रत्येक जण आधी लिहितो आणि मग दुसऱ्याचे लिहिलेले पाहतो. हा तिजोरीचाच नमुना. केवळ वेश वेगळा.

मजकूर ठेवणाऱ्याने निष्काळजीपणा केला होता असे नाही. मजकूर किती आला याची नोंद करताना त्याने रिलीज योजिला होता. निरोपाच्या दृष्टीने ते अगदी योग्य होते. वाचणाऱ्यास अर्धवट मजकूर कधीच मिळाला नसता. परंतु पुढे जे यादीकडे पाहणे होते, ते नोंद वहीत उतरण्याआधीच उरकले जाऊ शकत होते. तिकडे वाचणाऱ्याचे नावही अजून तबकातच असणे शक्य होते. पाठविणाऱ्यास यादी कोरी दिसली. वाचणाऱ्यास मजकुराची जागा रिकामी दिसली. पहिला निघून गेला, दुसरा झोपी गेला. अशा तऱ्हेने दोघांचीही गाठ चुकण्यास क्षणाचा अत्यल्प अंश पुरतो. त्यामुळेच असा दोष चाचणीत सहसा सापडत नाही, आणि भर कामात एखाद्या दिवशी उभा राहतो.

दुरुस्ती कशी झाली हे अधिक उद्बोधक आहे. सरळ उपाय म्हणजे दोन्ही बाजूंस पूर्ण बॅरिअर घालणे. पण त्याच भागात तशाच आणखीही जागा होत्या. प्रत्येक ठिकाणी बॅरिअर पेरीत बसावे लागले असते. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याने वेगळा मार्ग धरला. यादीत कोणी आहे काय हे बाहेरून डोकावून पाहण्याची जी घाई होती, तीच त्याने काढून टाकली. आता पाठविणारा दर वेळी यादीचे कुलूप घेतो आणि उठविण्याचे काम रीतसर करतो. नाव घालणाऱ्यासही तेच कुलूप घ्यावे लागते. किल्ली एकच असल्याने दोघांपैकी कोणी तरी आधी आणि कोणी तरी मागून, हे ठरूनच जाते. नाव घालणारा आधी आला असेल, तर पाठविणाऱ्यास ते नाव दिसणारच. पाठविणारा आधी येऊन गेला असेल, तर त्याने ठेविलेला मजकूर मागून येणाऱ्यास दिसणारच. डोकावून पाहण्याने वेळ वाचतो अशी समजूत होती. मोजून पाहिले, तेव्हा ते काढल्याने वेगात डोळ्यांत भरण्याजोगी घट आढळली नाही. सारा कार्यभाग सोपा होऊन शिवाय बिनचूक झाला.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, जड बॅरिअर सर्वत्र घालावेत म्हणजे चिंता नको. तोही बरोबर नाही. १९९९ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात लिनक्सच्या मंडळींत एक मोठा वाद झाला. त्या वेळी कुलूप सोडताना एक जड आज्ञा वापरीत असत. तिला सुमारे २२ ठोके लागत. तिच्याऐवजी साधे एक लेखन केले तर सुमारे एका ठोक्यात काम भागेल, अशी सूचना पुढे आली. हे चालणार नाही, असे टोरवाल्ड्स यांनी ठासून सांगितले. पुढे इंटेलमधील एका अभियंत्याने आपल्या प्रोसेसरचा क्रम कसा चालतो ते स्पष्ट केले आणि साधे लेखन सुरक्षित असल्याचे दाखवून दिले. टोरवाल्ड्स यांनी आपले मत बदलले. कारण उघड आहे: कुलूप सोडणे हा निरोपाचाच नमुना होय. ‘आतील सर्व काम उरकले’ हे सांगण्यापुरता रिलीज तेथे पुरतो. पूर्ण बॅरिअरचे काम तेथे नाही. भीतीपोटी घातलेला अधिक बॅरिअर दिवसाकाठी कोट्यवधी वेळा आपली किंमत वसूल करीत राहतो.

तिसरी गोष्ट अल्फा या प्रोसेसरची. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९९२ साली तो बाजारात आणला. माहितीचा पत्ता आधी वाचावा आणि मग त्या पत्त्यावर जाऊन माहिती वाचावी, हा क्रम तरी कोणासही उलटविता येणार नाही असे वाटते. पत्ता कळल्यावाचून तेथे जाणार कसे? परंतु अल्फाच्या रचनेत पत्ता नवा आणि त्या पत्त्यावरील माहितीची हाताशी असलेली नक्कल जुनी, असे होऊ शकत असे. या एका यंत्रासाठी लिनक्समध्ये कितीतरी वर्षे एक निराळा बॅरिअर जागोजाग लिहावा लागला. इतर यंत्रांवर तो निव्वळ नावापुरता असल्याने त्याचा विसर पडणे सोपे होते. अखेर २०१८ च्या ४.१५ या आवृत्तीत त्याचा भार मेमरी वाचण्याच्या मूळ साधनातच घातला गेला, आणि २०२० च्या ५.९ या आवृत्तीत तो वेगळा बॅरिअर नाहीसा झाला.

अल्फाचा धडा मात्र नाहीसा झालेला नाही. निवड करावयाची ती समोरच्या टेबलावरील यंत्र पाहून नव्हे. इंटेलच्या संगणकावर वर्षभर बिनतक्रार चाललेला प्रोग्रॅम आर्मच्या फोनवर पहिल्याच आठवड्यात अडखळू शकतो, कारण तेथील शिपाई वेगळा आहे. म्हणून कर्नल लिहिणाऱ्याने यंत्राच्या वागणुकीवर विसंबू नये. कर्नलने सर्व यंत्रांच्या वतीने जो लेखी करार केला आहे त्यावर विसंबावे. असा करार मराठीतील एखाद्या छोट्या पुस्तकाएवढ्या टिपणाच्या रूपाने २००६ पासून कर्नलबरोबरच ठेविलेला आहे. इंटेलनेही आपल्या क्रमाचे नियम २००७ साली स्वतंत्र पत्रिकेत मांडले. केंब्रिजच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्यांस काटेकोर गणिती रूप दिले. पुढे २०१८ च्या ४.१७ या आवृत्तीपासून लिनक्सचा करारही गणिती भाषेत उपलब्ध झाला. आता चार-सहा ओळींचे कोडे एका साधनास घातले की संभाव्य असे सारे निकाल ते मांडून दाखविते; ‘दोघेही आत’ हा निकाल त्यांत आहे काय, हे तर्काने न ठरविता पाहून ठरविता येते.

बॅरिअरविषयी एक गैरसमज मात्र पुष्कळांच्या मनात असतो, तो दूर केला पाहिजे. बॅरिअर घातला म्हणजे लिहिलेले ताबडतोब सर्वांस दिसते, असे ते समजतात. बॅरिअर क्रमाचा जामीन आहे, वेळेचा नव्हे. हे आधी आणि ते मागून, एवढेच तो सांगतो. केव्हा, ते सांगत नाही.

तेव्हा निवड करणाऱ्याने स्वतःस काय विचारावे? पहिला प्रश्न: साध्या कुलपाने काम भागते काय? बहुधा भागते, आणि भागत असेल तर पुढे जाण्याचे कारण नाही. दुसरा: नेमक्या कोणत्या दोन क्रियांचा क्रम राखावयाचा आहे, आणि पलीकडच्या बाजूस त्याचा जोडीदार कोण? तिसरा: हा निरोप आहे, की दोघांनीही आधी लिहून मग एकमेकांकडे पाहण्याचा प्रकार आहे? निरोप असेल तर रिलीज व अक्वायर. दुसरा प्रकार असेल तर दोन्हीकडे पूर्ण बॅरिअर. आणि ही उत्तरे मनात न ठेवता बॅरिअरच्या शेजारी लिहून ठेवावीत. लिनक्समध्ये नव्या मजकुराची छाननी करणारे एक साधन आहे. बॅरिअरच्या शेजारी स्पष्टीकरण नसेल तर ते तेवढ्यासाठी हरकत घेते. ज्याचे कारण लिहिता येत नाही तो बॅरिअर बहुधा अंदाजाने घातलेला असतो.

त्या सर्व्हरवरील प्रोग्रॅमाच्या बाबतीत चुकले ते एवढेच. बॅरिअर तेथे होता, आणि तो चांगलाही होता. परंतु तो निरोपाच्या प्रश्नाचे उत्तर होता, आणि तेथे विचारलेला प्रश्न मात्र निराळा होता.